इंगळ्यांचं हृदय आणि माझा संशय

"मॅडम, मी घेत नाही."

दिलीप इंगळे तिसऱ्यांदा म्हणाले आणि मी तिसऱ्यांदा विश्वास ठेवला नाही.

"कधीतरी? लग्नात? होळीला?"

"कसम से, मॅडम. थेंब नाही. आमच्या घरात चालतच नाही."

पलंगाच्या कडेला त्यांची बायको सुनंदा उभी होती. ती जमिनीकडे बघत होती. मी मनात म्हटलं, बघा, हिला तोंड वर करवत नाहीये. दारुड्याच्या बायका अशाच उभ्या राहतात. वास्तविक ती माझ्या चपला बघत होती. ओपीडीच्या आणि वॉर्डच्या चपला मी वेगळ्या ठेवते आणि त्या दिवशी घाईत एक इकडची, एक तिकडची घालून आले होते. हे मला तिने खूप नंतर सांगितलं.

मी हृदयरोगतज्ज्ञ आहे. मूळची सांगलीची. इंदूरच्या एका हॉस्पिटलात नोकरीला लागून अकरा वर्षं झाली. स्वभावाने मी संशयी बाई. पेशंट "गोळ्या वेळेवर घेतो" म्हणाला की मी त्याच्याकडून पाकीट मागून घेते आणि उरलेल्या गोळ्या मोजते. त्याबद्दल लोक मला नावं ठेवतात. ठेवू देत. या स्वभावाने चारदोन जीव वाचले आहेत. पण हा अनुभव त्यातला नाही, म्हणून सांगते आहे.

इंगळे चव्वेचाळीस वर्षांचे. पोलोग्राउंडला पंपांच्या कारखान्यात क्वालिटी इन्स्पेक्टर. घर राजेंद्र नगरला, मूळ घराणं इंदूरजवळच्या महूचं, म्हणजे लष्करी छावणीचं. दोन महिने दम लागत होता, पाय सुजत होते, आडवं झालं की खोकला. इको केला. इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. त्यात एक आकडा बघतात, ईएफ. भरलेल्या हृदयातलं शंभर भागांपैकी किती रक्त एका ठोक्यात बाहेर पडतं, तो हा आकडा. तुमचं माझं साठच्या आसपास असतं. इंगळ्यांचं पंचवीस होतं. हृदय मोठं झालेलं, भिंती पातळ, जुन्या पायजम्याच्या इलास्टिकसारखं सैल. ताणतं, पण परत आवळत नाही.

अँजिओग्राफी केली. नळ्या स्वच्छ. म्हणजे ब्लॉकेज नाही, हार्ट अ‍ॅटॅक नाही. आजार हृदयाच्या स्नायूचाच. याला आम्ही डायलेटेड कार्डिओमायोपॅथी म्हणतो. तो का होतो, याची यादी लांब आहे. व्हायरस, थायरॉइड, कॅन्सरची काही औषधं, काही बायकांना बाळंतपणानंतर, आणि वर्षानुवर्षं भरपूर दारू. सगळं तपासूनही काही सापडलं नाही, तर पुढे शब्द जोडतात, इडिओपॅथिक. हा शब्द ऐकायला भारदस्त आहे. त्याचा अर्थ एवढाच की डॉक्टरला कारण माहीत नाही.

मला तो शब्द आवडत नाही. लिहिताना हार मानल्यासारखं वाटतं. आमच्या डिपार्टमेंटचे मोठे सर राऊंडला आले तेव्हा मी फाईल धरून उभीच होते.

"सब निगेटिव्ह है ना? तो इडिओपॅथिक लिखो और चार दिन में छुट्टी दो," सर म्हणाले.

"सर, जीजीटी वाढलंय."

"तो?"

"दारू पितात. कबूल करत नाहीत."

"तुम पुलिस में हो क्या, मॅडम?" सर हसले आणि पुढच्या पलंगाकडे गेले.

जीजीटी हे लिव्हरचं एक एन्झाइम. दारू पिणाऱ्यांचं वाढतं. पण हृदय ढिलं पडून लिव्हरमध्ये रक्त तुंबलं तरी ते वाढतं. हे मला माहीत नव्हतं असं नाही. एमडीच्या मुलांना मीच शिकवते. पण संशयाचं कसं असतं, तो एकदा मनात बसला की आपल्या कामाचं तेवढंच बघतो.

मग पाचव्या दिवशी इंगळ्यांनी माझ्या हातात पुरावाच ठेवला.

सुटीचे कागद तयार होत होते. सुनंदाताईंनी पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक वस्तू काढली आणि इंगळ्यांनी ती अदबीने टेबलावर ठेवली. "मॅडम, हे सरांसाठी. काकांनी पाठवलंय. तुम्ही लोकांनी इतकं केलं."

मी कागद उघडला. रमची सीलबंद बाटली! मिलिटरी कॅन्टीनची.

"इंगळे! घेत नाही म्हणता आणि घरात बाटल्या?"

त्यांचा चेहरा पडला. "नाही मॅडम, ते काकांच्या कोट्याचं आहे. काका हवालदार रिटायर आहेत. त्यांना महिन्याला कोटा मिळतो. मी त्यांना महूला घेऊन जातो कॅन्टीनमध्ये. आम्ही कोणी घेत नाही, म्हणून तर वाटायला उरते ना. प्लंबरला देतो, गॅसवाल्याला देतो..."

"अच्छा! न पिणारा माणूस दर महिन्याला महूला जाऊन रम आणतो. वाटायला!"

"कोटा सोडायचा नसतो, मॅडम," ते हळूच म्हणाले. "फौजी आदमीचा हक आहे तो."

आज मला कळतं की महूच्या निम्म्या फौजी घरांत हेच चालतं. कोट्याची बाटली ही त्या घरांची मिठाई आहे. स्वतः शिवत नाहीत, पण ज्याचे उपकार झाले त्याला देतात. सांगलीच्या बाईला हे कोण सांगणार? मला ते बेरकी माणसाचं तयार उत्तर वाटलं. बाटली मी परत दिली. डिस्चार्ज कार्डावर निदान लिहिलं, अल्कोहोलिक कार्डिओमायोपॅथी. खाली सल्ला, मद्यपान पूर्ण बंद.

इंगळ्यांनी कार्ड वाचलं. घडी घालून खिशात ठेवलं.

पुढचे तीन महिने ते दर पंधरा दिवसांनी येत राहिले. गोळ्या चोख घ्यायचे, मी मोजायचे. मी आणखी एक उद्योग केला, तो आता सांगायला लाज वाटते. त्यांना न सांगता दारूचा माग काढणारी लघवीची टेस्ट दोनदा पाठवली. दोन्ही वेळा कोरी आली. मी काय निष्कर्ष काढावा? की माणूस हुशार आहे, तारखा बघून पितो. आता या डोक्याला काय म्हणायचं!

आणि एक गोष्ट मी केली नाही. हृदयाच्या स्नायूचा आजार कारण न कळता झाला असेल, तर पेशंटच्या रक्ताच्या नात्यातल्या सगळ्यांचा इको करायचा असतो. कारण तो बऱ्याचदा घराण्यात असतो आणि सुरुवातीला कसलाही त्रास देत नाही. पण दारूने झालेला आजार म्हटल्यावर नातेवाईकांना कशाला बोलवायचं? इंगळ्यांना वीस वर्षांची मुलगी आहे हे माझ्या कागदावर होतं. ती पोलीस भरतीसाठी रोज पहाटे मैदानावर धावते, हे नव्हतं.

तीन महिन्यांनी एका सकाळी ओपीडीचं दार न विचारता उघडलं. पंचाहत्तरीच्या पुढचे एक गृहस्थ, ब्लेझर, छातीवर बिल्ला, हातात इंगळ्यांचं डिस्चार्ज कार्ड. मागे दिलीप इंगळे, "काका, राहू द्या ना," म्हणत त्यांची बाही ओढताहेत.

"हे आपण लिहिलंय?" काकांनी कार्ड माझ्यापुढे आपटलं.

"हो. तुम्ही कोण?"

"हवालदार एकनाथ इंगळे, रिटायर्ड. रम माझी आहे. कार्ड माझं आहे. कोटा माझा आहे. पोरगा फक्त मला गाडीवर घेऊन जातो. आणि आपण त्याला शराबी लिहिलं? छुट्टीसाठी हे कार्ड त्याला फॅक्टरीत द्यावं लागलं, मॅडम. तिथले लोक आता ‘इंगळे साहब, हमको भी पिलाओ’ म्हणतात. याने घरी सांगितलं पण नाही. काल कपाटात मला सापडलं."

मी इंगळ्यांकडे बघितलं. ते खिडकीबाहेर बघत होते.

त्या क्षणी माझी खात्री पहिल्यांदा हलली. खोटारडा माणूस वकील घेऊन येतो, पण तो पहिल्याच आठवड्यात घेऊन येतो. तीन महिने टोमणे खाऊन गप्प बसत नाही. तरी खोड जात नाही. मी म्हटलं, "बसा. मग मला सांगा, तुमच्या घरात याआधी कोणाला हृदयाचा त्रास? कोणी तरुण वयात गेलं?"

"नाही," काका म्हणाले. फार पटकन म्हणाले.

मी फाईल उलटली. "दिलीपजी, तुमचे वडीलही फौजेत होते, पस्तिसाव्या वर्षी गेले. कारण अ‍ॅक्सिडेंट, असं तुम्ही लिहून दिलंय. कसला अ‍ॅक्सिडेंट?"

इंगळे गप्प. काका गप्प. मी वाट बघत बसले. गप्प बसलेल्या माणसासमोर आपणही गप्प बसायचं, हे मी नोकरीत शिकले आहे. कोणाला तरी ते सहन होत नाही.

"अ‍ॅक्सिडेंट नव्हता," शेवटी दिलीपच बोलले. "पप्पा दारूने गेले, मॅडम. सगळी गल्ली म्हणायची. शराबी का लड़का. मी सहा वर्षांचा होतो. म्हणून तर मी आयुष्यात थेंब नाही घेतला. आणि तुम्ही मलाच..."

मला वाईट वाटलं. पण त्याहून जास्त, माझे कान उभे राहिले. लष्करातला, पस्तिशीचा माणूस दारूने इतक्या लवकर जातो? मी काकांकडे वळले. "शेवटी त्यांना काय होत होतं?"

"पाय सुजायचे."

"आणि?"

"पोट फुगलं होतं. चार पावलं चालले की थांबायचे."

"झोपायचे कसे?"

काकांनी मान खाली घातली. "बसून. खाटेला पेटी लावून द्यायचो आम्ही. पेटीला टेकून बसून झोपायचा नामदेव. आडवा झाला की दम कोंडायचा."

हे लिव्हरच्या नाही, हृदयाच्या पेशंटचं वर्णन होतं. तीन महिन्यांपूर्वी माझ्यासमोर बसलेल्या त्यांच्या मुलाचंच, दिलीपचंच.

"काका, खरं सांगा. तुमचे भाऊ पीत होते?"

त्यांनी मान हलवली. नाही.

"आमच्या घरात धम्माची दीक्षा घेतल्यापासून कोणी घेतली नाही. नामदेव आपल्या वाट्याची रम दुसऱ्या जवानांना द्यायचा. पण फौजेच्या डॉक्टरने लिहून टाकलं, शराब. फौजी आहे, पोट फुगलंय, म्हणजे शराब."

"आणि तुम्ही कोणी बोलला नाहीत?"

"कसं बोलणार? दोन वर्षं आधी आमची बहीण सुमन गेली होती. बाळंतपणानंतर चार महिन्यांनी. तिचे पण असेच पाय सुजले, अशीच बसून झोपायची. मागे दोन बहिणी लग्नाच्या. आई म्हणाली, नामदेव शराबने गेला म्हणू दे लोकांना. शराबने एक आदमी बदनाम होतो. बीमारी म्हटलं तर पूर्ण खानदान. पोरींना कोण करून घेईल?" त्यांनी ब्लेझरच्या बाहीने डोळे पुसले. "आईने सगळ्यांकडून वचन घेतलं. मी आजपर्यंत पाळलं."

दिलीप इंगळे उभे राहिले. इतक्या महिन्यांत मी त्यांना पहिल्यांदा रागावलेलं बघितलं.

"काका, तुम्हाला माहीत होतं? मी पप्पांचा फोटो ट्रंकेत ठेवला! पोरगी विचारायची, आजोबा कसे होते, मी विषय बदलायचो. जन्मभर मला त्यांची शरम वाटली, आणि तुम्ही समोर बसून बघत राहिलात?"

 

मी कागदावर त्यांच्या घराण्याचा नकाशा काढला. पुरुषाला चौकोन, बाईला गोल, गेलेल्यावर तिरकी रेघ. नामदेव. सुमन. दिलीप. दोन पिढ्यांत तीन जण. दिलीपच्या खाली एक गोल होता, मोकळा.

"ही कोण?"

"संघमित्रा. आमची मित्रा," दिलीप म्हणाले. "पोलीस भरतीचा लेखी पेपर निघाला तिचा. नऊ दिवसांनी फिजिकल आहे, आठशे मीटर. रोज पहाटे प्रॅक्टिस करते."

"उद्या तिला घेऊन या. आणि आजपासून धावणं बंद."

ते निघाले तेव्हा मी कार्डावरचं निदान खोडलं, खाली नवीन लिहिलं, सही केली आणि म्हटलं, "दिलीपजी, माझं चुकलं." एवढंच जमलं. डॉक्टरांना माफी मागायची सवय नसते.

दुसऱ्या दिवशी मित्रा आली. उंच, काटक, ट्रॅकसूट घातलेली. नमस्कार नाही, काही नाही. तिचा इको मी स्वतः केला. ईएफ पंचेचाळीस. हृदय थोडं मोठं. अजून सैल पडलेलं नाही, पण वाटेला लागलेलं.

"तुला काही त्रास होतो का?"

"काहीच नाही. बढ़िया आहे मी."

मी समजावलं. वडिलांना आहे तेच तुला थोड्या प्रमाणात आहे. गोळ्या चालू करू. असल्या हृदयात कधीकधी ठोक्यांची लय अचानक बिघडते, धावताना जास्त. ती बिघडून राहिली तर माणूस जागेवर पडतो. म्हणून ही फिजिकल नाही द्यायची.

तिने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मॅडम, एक विचारू? पहिले तुम्ही पप्पांना दारुडे बनवलं. तेव्हा पण तुम्ही असंच पक्कं बोलत होतात. आता मी बीमार. परसों आणखी काही निघेल. मी काय म्हणून तुमचं ऐकू?"

"मित्रा!" सुनंदाताई ओरडल्या.

जन्मभर मी लोकांवर संशय घेतला, आता माझ्यावर घेणारी भेटली होती. आणि तिचा संशय माझ्यापेक्षा सकारण होता.

मी फक्त म्हटलं, "चोवीस तास होल्टर लाव. मग ठरव." होल्टर म्हणजे छातीला वायरी चिकटवून कमरेला अडकवायचं छोटं मशीन. दिवसभराचा प्रत्येक ठोका त्यात नोंदला जातो. सोबत एक पान देतो, त्यावर किती वाजता काय करत होतो, काय वाटलं, ते पेशंटने लिहायचं. "धावायचं मात्र नाही," मी बजावलं.

बाहेर पडताना सुनंदाताई एकट्याच मागे थांबल्या. दार लोटून हळू आवाजात म्हणाल्या, "मॅडम, पोरीच्या कागदावर हे लिहावंच लागतं का? उद्या लग्नाचं बघायचं आहे. नुसतं कमजोरी लिहिलं तर?"

मी त्यांच्याकडे नुसती बघत राहिले. काल त्याच खोलीत त्यांचे काकासासरे रडले होते. घरी ऐकलेलं ते त्यांना लगेच आठवलं असावं, कारण पुढे काही न बोलता त्या गेल्या.

होल्टर परत आलं. दुपारी मी रिपोर्ट उघडला आणि पाच-बावन्नच्या पट्टीवर थांबले. पहाटे पाच-चाळीसपासून ठोके एकशे साठच्या वर. ही बया धावली होती! मशीन लावून! पाच-बावन्नला सलग अकरा ठोके वेडेवाकडे, रुंद, भलत्याच वेगाने. मग परत सरळ. सोबतचं पान बघितलं. मुलगी प्रामाणिक. स्वच्छ अक्षरात लिहिलेलं, "५:४० दौड़. ५:५२ थोडी चक्कर, आंखों के सामने अंधेरा. २ सेकंद. ठीक."

मी फोन केला. तिने उचलला नाही. सुनंदाताई म्हणाल्या, "ती येत नाही म्हणते." फिजिकलला सात दिवस होते.

माझं घरही राजेंद्र नगरलाच, त्यांच्यापासून तीन गल्ल्या. पेशंटच्या घरी मी कधी जात नाही. त्या दिवशी पाच वाजता पट्टी आणि ते पान घेऊन गेले. दिलीपनी दार उघडलं. समोरच्या भिंतीवर गणवेशातल्या माणसाचा फोटो होता, खिळा नवीन. काका खुर्चीत. मित्रा आतून आली आणि मला बघून दारातच थांबली.

"माझं ऐकू नकोस," मी म्हटलं. "तू स्वतः बघ. मी काही सांगणार नाही."

ती आली, समोर बसली. मी पट्टी टेबलावर पसरली.

"हा तुझा नेहमीचा ठोका. असाच पुढे जात राहा. वेगळं दिसलं की थांब."

तिचं बोट कागदावरून सरकत गेलं आणि थांबलं. "हे काय आहे?"

"मोज."

"...नऊ, दहा, अकरा."

"वर वेळ काय छापली आहे?"

"०५:५२."

मी दुसरा कागद तिच्यापुढे ठेवला. तिच्याच अक्षराचा. तिने तो वाचला. मग पट्टी. मग परत तो.

"मी मुद्दाम धावले होते," ती म्हणाली. आवाज एकदम लहान झाला होता. "मशीनमध्ये काहीच येणार नाही, मग तुम्हाला दाखवीन म्हणून." थोडं थांबून तिने विचारलं, "अकराव्याला थांबलं नसतं तर?"

"तर हे पान कोणी भरलं नसतं."

सुनंदाताईंनी तोंडाला पदर लावला. मित्रा रडली नाही. चिडली. "तीन महिने आधी सांगायचं ना मग! तीन महिने मी रोज धावले, मॅडम. रोज! आणि तुम्ही पप्पांच्या तोंडाचा वास घेत बसलात!"

"हो," मी म्हटलं. "माझी चूक होती. आणि ती तुझ्या जिवावर बेतली असती."

काका खुर्चीतून उठले, तिच्याजवळ गेले आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला. "बेटा, मी तर चाळीस साल शराबचं झूठ चालू ठेवलं. मॅडमने तीनच महिने," ते म्हणाले. मग मात्र ती रडली. काकांना धरून खूप रडली. दोन वर्षं पहाटे चारला उठून कमावलेली वर्दी होती ती. मलाही रडू आलं, मी लपवलं नाही.

जाताना दारापर्यंत ती आली. "लिहा मॅडम कागदावर. पूर्ण नाव लिहा बीमारीचं. कमजोरी-बिमजोरी नको."

ती फिजिकलला गेली नाही. त्या दिवशी माझा काही विश्वास नव्हता. सकाळी सातला मी दिलीपना फोन करून ती घरीच आहे ना विचारलं. "समोर बसून पोहे खातेय, मॅडम," ते म्हणाले. मी म्हटलं, फोन तिला द्या. तिने फोनवर नुसतं हूं केलं.

पुढचं थोडक्यात. मित्राच्या छातीत, गळ्याच्या हाडाखाली, कातडीच्या आत आयसीडी बसवलं. काड्यापेटीएवढं यंत्र. ठोक्यांवर पहारा ठेवतं आणि लय बिघडून राहिली तर आतूनच शॉक देतं. काकांनी वचन मोडलं आणि एकेका नातेवाईकाला स्वतः फोन केले. सुमनचं ते बाळ आता भोपाळला नोकरी करतं, चाळिशीचं आहे. त्याच्यातही आजार सुरुवातीला सापडला. दिलीपचा ईएफ गोळ्यांवर अडतीसपर्यंत आला, ते कामावर जातात. कारखान्याला मी पत्र दिलं की त्यांचं निदान माझ्या चुकीने वेगळं लिहिलं गेलं होतं. जनुकांची तपासणी बाहेर पाठवली होती. तिच्या रिपोर्टात एवढंच आलं, नक्की सांगता येत नाही. म्हणजे आजार घराण्यातला आहे हे कळलं, पण मुळात का, ते अजूनही कोणाला माहीत नाही. आता मला तसं लिहायची लाज वाटत नाही.

सात महिन्यांनी मित्रा एका दुपारी ओपीडीत आली. मल्हारगंजमध्ये ती कोचिंगला जाते, आता दुसऱ्या परीक्षेची तयारी करते. क्लासचा जिना चढताना छातीत कोणीतरी लाथ मारावी तसा झटका बसला आणि ती पायरीवर बसली. दोन मिनिटांनी उठली, रिक्षा केली आणि थेट आमच्याकडे आली. मी यंत्रातली नोंद काढली. लय बिघडली होती, आपोआप थांबली नव्हती. शॉकने थांबली होती.

"यंत्राने काम केलं," मी म्हटलं. "मित्रा, आज तू गेली असतीस."

"प्रिंट दाखवा," ती म्हणाली.

मी दाखवली. तिने बोट ठेवून ठोके मोजले, वेळ बघितली, मोबाइलमधली रिक्षाची वेळ बघितली. मग मान डोलावली. अशी पेशंट मला फार आवडते.

तेव्हापासून नवीन पेशंटची माहिती घेताना माझा एक प्रश्न बदलला आहे. आईवडील कशाने गेले, असं मी विचारत नाही. त्याचं उत्तर घरात कोणीतरी आधीच ठरवून ठेवलेलं असतं. मी विचारते, शेवटच्या वर्षी ते झोपायचे कसे? याचं खोटं उत्तर अजून कोणी तयार केलेलं नाही.